जुनी पॉवर टूल्स घेताना मशीन गरम होऊ द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या तरुणाने आयटीआयमधून सुतारकाम केलंय, काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली आणि आता कराडला स्वतःचं फर्निचरचं काम सुरू करतोय. ओळखीचे एक कॉन्ट्रॅक्टर धंदा बंद करतायत. त्यांच्याकडे बॉशचं ‘26 चं’ हॅमर (काँक्रीटमध्ये भोकं पाडायचं ड्रिल), सात इंची सर्क्युलर सॉ, रंधा मशीन, मकिताचा ट्रिमर (सनमायकाच्या कडा करायचा), चार इंची ग्रायंडर, मार्बल कटर आणि 18 व्होल्टचं बॅटरीवरचं ड्रिल आहे. सगळा लॉट एकरकमी घ्या असं ते म्हणतात. घ्यावा का, आणि चालू करून बघण्यापलीकडे काय तपासावं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. हॅमर, सॉ, रंधा आणि ट्रिमर तपासून घ्या. ग्रायंडर आणि मार्बल कटर घेऊ नका, फुकट मिळाले तरच उचला. ड्रिलचा निर्णय बॅटरीवर. आणि चालू करून बघण्याला तपासणी समजू नका. पुण्यात पॉवर टूल रिपेअरिंगच्या टेबलावर माझं आयुष्य गेलंय. माझ्याकडे मरायला टेकलेली जी मशिनं येतात, त्यातली बहुतेक नो-लोडवर, म्हणजे काम न करता नुसती, झकास फिरतात. विकणारा पाच-दहा सेकंद ट्रिगर दाबतो, मशीन घूंऽ करतं, आपण खूश होतो. आर्मेचरचा, म्हणजे मोटरच्या आत फिरणाऱ्या तांब्याच्या तारांच्या भागाचा, खरा चेहरा लोडवर आणि गरम झाल्यावर दिसतो.

बघायला जाण्याआधी एक काम घरबसल्या करा. मशीनच्या नेमप्लेटचा फोटो मागवून घ्या. बॉशच्या प्लेटवर दहा आकडी टाइप नंबर असतो, मकितावर मॉडेल नंबर. तो घेऊन गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या रिपेअरिंगवाल्याला फोन करा आणि विचारा: ओरिजिनल आर्मेचर मिळतं का, केवढ्याला, फील्ड (आर्मेचरभोवतीची न फिरणारी कॉइल) केवढ्याला, स्विच केवढ्याला. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट इथे चालू मॉडेलचे बहुतेक पार्ट मिळून जातात. ज्याचं आर्मेचर कुठेच मिळत नाही असं मशीन कितीही मोठ्या नावाचं असो, सोडा. आज ना उद्या आर्मेचर जाणारच, आणि त्या दिवशी मशीन भंगार होईल. प्रोफेशनल मशीनला जास्त पैसे देण्याचं माझ्या लेखी हेच मुख्य कारण आहे: ते उघडून पुन्हा उभं करता येतं. बॉशची निळी मालिका आणि हिरवी घरगुती मालिका यांतला फरकही बराचसा इथेच आहे. हिरवं मशीन घरी महिन्यातून एकदा खिळा-पडद्याच्या कामाला ठीक, तुमच्या साइटवर नाही.

आता हॅमर. तुम्ही म्हणताय ते जीबीएच 2-26 असणार. 800 वॅटचं, 2.7 ज्यूल ठोक्याचं, एसडीएस-प्लसवालं (खाचांच्या दांडीचे बिट घेणारं) मशीन, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. आपल्याकडे इलेक्ट्रिशियनपासून फॉल्स सीलिंगवाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातात दिसतं, त्यामुळे पार्ट कुठेही मिळतात. आणि म्हणूनच त्याची नक्कलही खूप येते. हातात घेतल्यावर वजनाने फारच हलकं वाटलं, किंवा प्लेटवरची अक्षरं नखाने खरवडून निघाली, तर पुढे बघूच नका.

बॉडीच्या रंगाकडे दुर्लक्ष करा, ती पुसून चकाचक करायला पाच मिनिटं लागतात. स्क्रू बघा. बॉशच्या बऱ्याच मशीनना टॉर्क्सचे, म्हणजे सहा पाकळ्यांच्या खाचेचे स्क्रू असतात. खाच झिजून गोल झाली असेल, मध्येच एखादा वेगळा स्क्रू असेल, तर मशीन पुन्हा पुन्हा उघडलं गेलंय. उघडणं वाईट नाही, पण मग काय बदललं ते विचारायचं. नंतर मोटरच्या जाळीला नाक लावा. वायंडिंगवरचं व्हार्निश जळाल्याचा गोडसर, उग्र वास एकदा ओळखला की विसरत नाही, आणि तो महिनोन्महिने जात नाही. परफ्युमसारखा ताज्या व्हार्निशचा वास आला तर आर्मेचर नुकतंच रिवायंड झालंय, म्हणजे जुनी तार काढून नवी गुंडाळलीय.

चक मागे ओढून एक बिट घाला आणि हाताने हलवा. बिट पुढे-मागे सरकतो ते बरोबर, तसं सरकायलाच हवं. पण डावी-उजवीकडे भरपूर डुलत असेल तर बिट होल्डर झिजलाय. भोक मोठं पडेल आणि रॉल प्लग बसणार नाही. सोबत आपला एक चांगला बिट न्या, झिजक्या बिटावर मशीनला दोष देऊ नका.

मग आरसीसीत भोक पाडून बघा. विटेत नको, विटेत कुठलंही हॅमर वाघ असतं. बीम, कॉलम किंवा लिंटेलचा टाकाऊ तुकडा शोधा आणि 12 एमएमच्या बिटाने एकामागून एक भोकं पाडत राहा, गिअर हाउसिंग हाताला चांगलं गरम लागेपर्यंत. सुरुवातीला थंड ग्रीसमुळे ठोका उशिरा बसला तर काळजी नको, थंडीत चांगली मशिनंही तसं करतात. उलटं झालं तर काळजी करा. या हॅमरमध्ये पिस्टन आणि स्ट्रायकर यांच्यामध्ये हवेची गादी असते आणि ती हवा रबरी ओ-रिंगांनी धरून ठेवलेली असते. रिंगा झिजल्या की थंडपणी ग्रीस त्यांची उणीव भरून काढतं. गरम होऊन ग्रीस पातळ झालं की हवा निसटते आणि ठोका मऊ पडतो. मशीन फिरतंय, आवाज करतंय, पण भोक पुढे सरकत नाही. ओ-रिंगचा सेट स्वस्त असतो, तेवढ्यावर मशीन नाकारू नका. मात्र सिलिंडरला आतून ओरखडे असतील तर खर्च वाढतो, म्हणून भाव करताना सिलिंडर गृहीत धरा.

भोक पाडताना जाळीतून आत डोकवा. कार्बनपाशी (मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे दोन ठोकळे) बारीक निळसर ठिणग्या दिसल्या तर ठीक. ठिणग्या लांब, पिवळ्या असतील आणि कम्युटेटरभोवती (कार्बन ज्यावर घासतात तो आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) पूर्ण कडं करत असतील, तर आर्मेचरचं आयुष्य संपत आलंय. एक खबरदारी: कार्बन अगदी नवे असतील तर ते बसेपर्यंत थोडी जास्त ठिणगी उडते. म्हणून कार्बन काढून दाखवा म्हणायचं. ज्या मशिनांना बाहेरून झाकण असतं तिथे हे दोन मिनिटांचं काम आहे, बाकीच्यांना मागचं कव्हर काढावं लागतं. मालक नाही म्हणाला तर त्याचं कारण असतं.

कार्बनचं टोक गुळगुळीत, चमकदार हवं. खडबडीत, कडा तुटलेलं असेल तर कम्युटेटर खराब आहे. कम्युटेटरची पट्टी सगळीकडे सारखी चॉकलेटी असेल तर उत्तम. तांब्यासारखी लख्ख असेल तर नुकतीच लेथवर किंवा पॉलिश पेपरने साफ केलीय. एखाद-दुसरी पट्टीच काळी पडली असेल आणि बाकीच्या ठीक असतील, तर त्या पट्टीला जोडलेली कॉइल गेलीय. नवेकोरे कार्बन आणि काळ्या पट्ट्या असं एकत्र दिसलं की समजायचं, मशीन विकण्यासाठी सजवलंय. कार्बनच्या खोबणीत नख अडकण्याइतकी झीज असेल तर लेथवर एकदा साफ करता येतं, पुन्हा पुन्हा नाही.

रिवायंड केलेलं आर्मेचर म्हणजे वाईटच असं नाही. चांगला वायंडर तांब्याची तीच गेज वापरतो, बॅलन्सिंग करतो, आणि ते मशीन वर्षानुवर्षं चालतं. पण स्वस्तातल्या कामात अ‍ॅल्युमिनियमची तार भरलेली मी नेहमी बघतो. त्याच जागेत अ‍ॅल्युमिनियम तेवढा करंट पेलू शकत नाही, मशीन अर्ध्या कामात तापतं. ओळखायचं कसं? कंपनीचं वायंडिंग यंत्रावर झालेलं, एकसारखं आणि रेझिनमध्ये बुडालेलं असतं. हाताचं वायंडिंग थोडं उंचसखल दिसतं, कम्युटेटरजवळ दोरा गुंडाळलेला असतो. रिवायंड दिसलं की वायंडरचं नाव विचारा आणि भावात ओरिजिनल आर्मेचरची किंमत वजा धरा.

ट्रिगर सोडल्यावर लगेच बोलायला लागू नका. मोटरचा करंट बंद होतो, मशीन स्वतःच्या वेगावर फिरत थांबतं. त्या दोन-तीन सेकंदांत विजेचा सगळा आवाज गेलेला असतो, उरतो तो फक्त बेअरिंग आणि गिअरचा. खरखर, किणकिण, शेवटी टक्‌कन अडकून थांबणं, सगळं तिथे ऐकू येतं. बाजारातल्या गोंगाटात स्क्रू-ड्रायव्हरचं पातं गिअर हाउसिंगला लावून मूठ कानामागच्या हाडावर टेकवा, आवाज थेट आत येतो. बेअरिंग ही किरकोळ गोष्ट आहे, 608 सारखी मापं कुठल्याही दुकानात मिळतात. पण बेअरिंग गेलेलं असताना मशीन चालवत ठेवलं असेल तर आर्मेचर फील्डला घासलेलं असतं. म्हणून नुसतं ‘बेअरिंगचा आवाज आहे, शंभर रुपयांचं काम’ असं कोणी म्हटलं तर आर्मेचरच्या लोखंडावर घासल्याच्या रेघा आहेत का ते बघा.

सुरक्षेचा मुद्दा इथेच सांगतो, कारण जुन्या मशीनमध्ये लोक तो हमखास विसरतात. प्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर मशीन डबल इन्सुलेटेड आहे. त्याला अर्थिंग नसतं, वायर दोन कोअरचीच असते. त्याचा अर्थ असा की आर्मेचरच्या शाफ्टवरची प्लॅस्टिकची नळी आणि बॉडी यांच्यावरच तुमचा जीव आहे. लोकल आर्मेचरमध्ये ती नळी कधी कधी नसतेच. मशीन बिनतक्रार चालतं, आणि आतलं वायंडिंग उतरलं की गिअर हाउसिंगमध्ये करंट येतो. कुणाकडे 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) असेल तर ट्रिगर दाबून प्लगची पिन आणि गिअरचं धातूचं डोकं यांच्यात मोजा. निरोगी मशीन शंभर मेगओहमच्या वर असतं. दोन-तीनवर आलेलं मी कोणाला देत नाही, तुम्हीही घेऊ नका. वायरला मध्ये टेपचे जोड असतील तर ती बदलावी लागेल, हे मात्र सोपं काम आहे.

सर्क्युलर सॉ, रंधा आणि ट्रिमर यांच्यात मोटरइतकंच महत्त्व सरळपणाला आहे, आणि ही तपासणी सुतार म्हणून तुम्ही माझ्यापेक्षा चांगली कराल. सॉची बेसप्लेट पत्र्याची असेल तर एकदा उंचावरून पडली की वाकते. गुण्या लावा, प्लेट आणि पातं काटकोनात येतं का बघा, पुढच्या आणि मागच्या दोन्ही टोकांना पात्यापासून प्लेटच्या कडेचं अंतर सारखं आहे का मोजा. खालचं गार्ड सोडल्यावर आपसूक बंद झालं पाहिजे. बऱ्याच साइटवर ते तारेने बांधून ठेवतात. बांधलेलं सोडून बघा, स्प्रिंग जिवंत आहे का.

82 एमएमच्या रंध्यात मागचा बेड आणि पात्याची धार एका पातळीत येते का ते सरळपट्टीने बघा. पाती बदलायचे स्क्रू कुरतडलेले असतील तर प्रत्येक वेळी पाती लावताना रडवतील. बेल्ट ही किरकोळ बाब. ट्रिमर 30,000 फेऱ्यांवर फिरतो, त्यामुळे त्यात बेअरिंग आणि कॉलेट (बिट धरणारी पकड) हेच सर्वस्व. 6 एमएमच्या नव्या बिटाची शँक (दांडी) कॉलेटमध्ये बसवून घट्ट करा आणि हाताने हळू फिरवत टोक डोलतंय का बघा. कॉलेट झिजलं असेल तर बिट कामात हळूहळू बाहेर सरकतो आणि खाच खोल खोल होत जाते. सनमायकाच्या कडा करताना कपाटाचं एक पूर्ण शटर वाया जाईल. कॉलेट बदलता येतं. पण मुळात शाफ्टचा कोनच खराब असेल तर तो ट्रिमर सोडून द्या.

आता मार्बल कटर का नको. दगड कापताना पाणी टाकतात, त्याची पिठासारखी भुकटी आणि चिखल पंख्याबरोबर आत ओढला जातो. ती भुकटी वायंडिंगवरचं व्हार्निश रोज थोडं थोडं घासत असते. वरून कितीही पुसलेला असला तरी आत ती असतेच. त्यातून आपल्याकडे सुतार त्याच कटरला लाकडाचं पातं लावून प्लाय कापतात. तुम्हीही तेच करणार असाल तर नका करू. सात इंची सॉ घेताय, तो त्या कामासाठीच आहे. चार इंची ग्रायंडरचं गणित वेगळं: सगळ्या मशिनांत सगळ्यात जास्त मार त्यालाच बसतो, आणि आर्मेचर, गिअर जोडी आणि मजुरी मिळून खर्च नव्या ग्रायंडरच्या किमतीजवळ जातो. जुना ग्रायंडर बहुतेक वेळा गार्डशिवाय मिळतो. शंभर एमएमचा ग्रायंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फिरतो. गार्ड काढून त्याला मोठ्या मशीनची, कमी वेगासाठी बनवलेली डिस्क लावली की ती कधीही फुटते. डोळा गेलेली माणसं मी पाहिली आहेत. ग्रायंडर नवा घ्या, गार्डसकट, बिलासकट.

बॅटरी ड्रिलबद्दल थोडक्यात. 18 व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियमचे पाच सेल एकामागे एक असतात, मोठ्या अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये अशा दोन ओळी. पूर्ण चार्ज झाल्यावर व्होल्टमीटर वीसच्या वर दाखवतो. बाजारातली ‘21 व्होल्ट’ची मशिनं म्हणजे हाच पॅक, फक्त चार्ज झाल्यानंतरचा आकडा लिहिलेला. 48 आणि 88 व्होल्ट लिहिलेले पाच सेलचे पॅक तर सरळ फसवणूक आहे. कॉन्ट्रॅक्टरना आदल्या रात्री बॅटरी चार्ज करून ठेवायला सांगा, सकाळी व्होल्टेज मोजा, मग सागाच्या जाड फळीत मोठे स्क्रू एका दमात भरत जा. चांगला पॅक हळूहळू उतरतो. मेलेला पॅक ताकद दाखवतो आणि अचानक गप्प होतो. पॅक गेलेला असेल तर भाव नुसत्या बॉडीचा करा, आणि नवीन ओरिजिनल पॅकची किंमत आधी विचारून ठेवा. बऱ्याचदा पॅक आणि चार्जर मिळून नव्या ड्रिलच्या बऱ्याच जवळ जातात. सेल बदलून देणारे आहेत, पण कोणते सेल घातले ते कळायला मार्ग नसतो.

या लॉटव्यतिरिक्त पुढे कधी जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात गेलात तर परदेशी मशिनं मोहात पाडतील. प्लेटवरचं व्होल्टेज वाचल्याशिवाय हात लावू नका. जपानचं मशीन 100 व्होल्टचं, अमेरिकेचं 120 चं, ब्रिटनच्या साइटवरचं पिवळ्या प्लगचं 110 चं. आपल्या 230 वर लावलं की एका क्षणात धूर. ट्रान्सफॉर्मर लावून चालतं, पण 1500 वॅटच्या मशीनला निदान दोन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो रोज साइटवर कोण उचलणार? आणि कोणी ‘सीलपॅक नवा हिताची’ म्हणत असेल तर लक्षात ठेवा, हिताची कोकीची मशिनं 2018 पासून हायकोकी नावाने येतात. जुनी खरी हिताची अजून दणकट चालतात, पण आजची नवीकोरी हिताची संशयास्पद.

कागदाचा विषय मी हलक्यात घेत नाही. साइटवरून मशिनं चोरीला जाणं हे आपल्या धंद्यातलं रोजचं दुखणं आहे, आणि चोरलेलं मशीन तुमच्यासारख्याच कुणाची तरी रोजीरोटी असते. सीरियल नंबर खरवडलेला असेल तर उठून या. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 प्रमाणे चोरीचा माल आहे असं मानायला कारण असूनही घेतला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तुमचे कॉन्ट्रॅक्टर ओळखीचे आहेत, तरी मूळ बिलं मागा. बिल हरवलं असेल तर कागदावर मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, तारीख लिहून सही घ्या आणि पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. मशीनवर खंडेनवमीच्या हळदकुंकवाचे जुने डाग दिसले की मला बरं वाटतं. ते सहसा मालकाचं स्वतःचं मशीन असतं, भाड्याने दहा हातांत फिरलेलं नाही. भाड्याने देणाऱ्यांकडची मशिनं मात्र टाळा.

भावासाठी मी असं धरतो. नव्या मशीनची आजची दुकानातली किंमत घ्या, एमआरपी नव्हे. तुम्ही जीएसटीत नोंदणी करणार असाल तर नव्या बिलावरचा 18 टक्के कर क्रेडिट म्हणून मिळतो, तो वजा करा, कारण कॉन्ट्रॅक्टरकडून बिनबिलाचं घेतलेल्या मशीनवर तो मिळणार नाही. उरलेल्याच्या निम्म्यापासून बोलणं सुरू करा आणि त्यातून सहा महिन्यांत लागणारे पार्ट कमी करा. एवढं करून जुन्या-नव्यातला फरक फारच थोडा उरला तर नवं घ्या, वॉरंटी तरी मिळेल. एकरकमी लॉटमध्ये ग्रायंडर आणि कटर हे आकडा फुगवण्यासाठी असतात. त्यांना सांगा, ‘दादा, ही दोन तुम्हीच ठेवा, या चारांचा वेगवेगळा भाव करू.’ वेगवेगळा भाव केला की कुठलं मशीन त्यांना काढूनच टाकायचंय तेही कळतं.

व्यवहार झाल्यावर कामाला लावण्याआधी चारही मशिनं एकदा उघडून घ्या. जुनं ग्रीस पूर्ण पुसून नवं भरा, हॅमरमध्ये कंपनीने सांगितलेलंच. पुसलेल्या ग्रीसमध्ये चंदेरी कण चमकले तर गिअर बघा. कार्बन जोडीने बदला, एकटा कधीच नको. आणि साइटवर लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर वापरू नका. व्होल्टेज पडतं, फेऱ्या कमी होतात, पंख्याची हवा कमी होते, आपण मशीन जास्त दाबतो आणि आर्मेचर जळतं. अडीच स्क्वेअर एमएमची वायर घ्या आणि बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. जुनी मशिनं वापरणाऱ्या प्रत्येकाला मी तो बसवायला लावतो.